मार्शल अर्जन सिंग: कारकीर्द, पदकं आणि आपल्याकडच्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

अमळनेर, पारोळा, चाळीसगाव आणि तिकडे शिरपूर-शहाद्यापर्यंत सकाळी अंधारात रोडवर पळणारी पोरं बघितली की खानदेशात फौजेचं वेड किती आहे ते कळतं. त्यांच्याशी बोलताना हवाई दलाचा विषय निघाला की अर्जन सिंगांचं नाव येतंच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याबद्दल जे फिरतं ते निम्मं खरं असतं नि निम्मं कुणीतरी आपल्या मनाने वाढवलेलं. म्हणून जे प्रश्न सारखे येतात ते एका जागी लिहून काढले. सगळ्यात जास्त विचारणा पदकांची असते, त्यामुळे तिथे जरा सविस्तर लिहिलंय.

अर्जन सिंग नेमके कोण, आधी थोडक्यात सांगा ना.

भारतीय हवाई दलाचे १९६४ ते १९६९ या काळातले प्रमुख. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात हवाई दल त्यांच्या हाताखाली लढलं. हवाई दलाचे पहिले एअर चीफ मार्शल तेच आणि पुढे २००२ मध्ये 'मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स' हा पंचतारांकित हुद्दा मिळालेले एकमेव अधिकारीही तेच, त्यांच्याआधी कुणाला मिळाला नाही नि नंतरही अजून कुणाला नाही. जन्म १५ एप्रिल १९१९, लायलपूर, जे आता पाकिस्तानात फैसलाबाद म्हणून आहे. निधन १६ सप्टेंबर २०१७, दिल्लीत, वय ९८.

हवाई दलात जनरल असतो का? आमच्या ग्रुपवर 'जनरल अर्जन सिंग' लिहिलेलं होतं.

आपल्याकडे नाही. अमेरिकेच्या हवाई दलात जनरल असतात, आपली हुद्द्यांची नावं ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सवरून आलेली आहेत. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि सगळ्यात वर एअर चीफ मार्शल, जो फक्त प्रमुखाला असतो. आर्मीच्या जनरलच्या बरोबरीचा तो एअर चीफ मार्शल आणि फील्ड मार्शलच्या बरोबरीचा तो मार्शल. इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनी हे एवढं तरी तोंडपाठ करून जावं, कारण हुद्दा चुकला की समोरच्याला लगेच कळतं की पोरगं वरवरचं वाचून आलंय.

घरची परिस्थिती कशी होती? शेतकरी घरातले होते का?

घराणं फौजी. वडील, आजोबा, पणजोबा असे तिन्ही पिढ्या घोडदळात होते. शिक्षण माँटगोमेरी म्हणजे आताचं साहिवाल आणि मग लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात झालं. तिथे शिकत असतानाच १९३८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या रॉयल एअर फोर्स कॉलेजसाठी निवड झाली आणि डिसेंबर १९३९ मध्ये पायलट ऑफिसर म्हणून कमिशन मिळालं. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू होऊन चारच महिने झाले होते. पोहण्यात ते पटाईत होते आणि क्रॅनवेलला पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, हॉकी तिन्हीत होते. आपल्याकडची पोरं तापी-गिरणेत पोहून मोठी होतात आणि बारावीला गेली की क्लासच्या नावाखाली ते सगळं सोडून देतात, मला ते फार चुकीचं वाटतं.

सरहद्दीवर त्यांचं विमान पडलं होतं म्हणतात, खरं आहे का?

हो. पहिली नेमणूक एक नंबर स्क्वॉड्रनमध्ये (स्क्वॉड्रन म्हणजे विमानांची तुकडी), वायव्य सरहद्द प्रांतात, जो आता पाकिस्तानात आहे. तिथल्या पठाण टोळीवाल्यांविरुद्ध कारवाया चालायच्या. विमानं जुनी, दुहेरी पंखांची, वेग कमी, डोंगराच्या घळीत उडायची आणि वर कड्यावर बसलेला माणूस साध्या रायफलीने खाली गोळी मारायचा. तशीच गोळी लागून १९४० मध्ये त्यांना विमान जबरदस्तीने खाली उतरवावं लागलं. एका बाजूला टोळीवाले, दुसऱ्या बाजूला आपलं सैन्य आणि मधे हे. मागे बसलेला गनर घाबरून नेमका उलट्या दिशेला, टोळीवाल्यांकडे पळत सुटला, तर अर्जन सिंग स्वतः त्याच्यामागे धावले आणि त्याला परत फिरवून आणलं. वय तेव्हा जेमतेम वीस-एकवीस. यासाठी त्यांना कुठलं पदक मिळालं नाही, तरी मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा प्रसंग फार मोठा वाटतो.

मग डीएफसी कशासाठी मिळालं? ते काय असतं?

डीएफसी म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. शत्रूच्या समोर प्रत्यक्ष उड्डाणात दाखवलेल्या शौर्यासाठी ब्रिटिश सरकार हे पदक द्यायचं. चांदीचा क्रॉस आणि रिबीन पांढरी-जांभळी, पट्टे सरळ नाही तर तिरपे. फोटोत ओळखायला ही तिरपी रिबीन सगळ्यात सोपी.

आता कशासाठी ते. १९४४ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातून मणिपूरमध्ये घुसलं, इंफाळला वेढा पडला आणि रस्ता तुटला. तो मार्च ते जुलैचा काळ. म्हणजे वेढा पडला तेव्हा उन्हाळा नि उठला तेव्हा ऐन पावसाळा, आणि ईशान्येचा पाऊस आपल्यासारखा नसतो, दिवसचे दिवस ढग खाली उतरलेले असतात. अर्जन सिंग तेव्हा स्क्वॉड्रन लीडर होते आणि ज्या एक नंबर स्क्वॉड्रनमध्ये ते नवीन पोरगं म्हणून आले होते तिचंच नेतृत्व आता त्यांच्याकडे होतं. विमानं हरिकेन. काम मुख्यतः टेहळणीचं. झाडांच्या शेंड्यांवरून खाली खाली उडायचं, जंगलातल्या वाटा, पूल, नदीचे उतार बघायचे, जपानी कुठे जमलेत ते शोधायचं, परत येऊन सांगायचं आणि गरज पडली की स्वतःच हल्ला करायचा. आजूबाजूच्या डोंगरात शत्रू बसलेला असताना त्याच खोऱ्यातल्या धावपट्टीवरून रोज उडायचं नि रोज तिथेच उतरायचं, हे कागदावर वाचायला सोपं वाटतं पण जरा डोळ्यासमोर आणून बघा. लोकांना वाटतं शौर्य म्हणजे शत्रूची विमानं पाडणं, तर इथे तसं काही नाही, पायदळाला डोळे पुरवायचं काम आहे आणि ते महिनोन् महिने न थकता करायचं आहे. त्याबद्दलचं हे पदक लॉर्ड माउंटबॅटन यांनी इंफाळला येऊन तिथेच त्यांच्या छातीवर लावलं. वय २५.

त्यांच्यावर कोर्ट मार्शलची वेळ आली होती, ही अफवा आहे का?

अफवा नाही. १९४५ मध्ये केरळातल्या कण्णूर भागात वस्तीवरून फार खालून विमान नेल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई सुरू झाली होती. सोबतच्या शिकाऊ पायलटची भीती मोडावी म्हणून तसं केलं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून ते सुटले, नोकरी राहिली. एवढंच. याला रंगवून सांगायची गरज नाही आणि लपवायची तर अजिबात नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावरून विमानं गेली ती यांच्याच नेतृत्वाखाली का?

हो, शंभरावर विमानांचा ताफा होता. नंतर अंबाला तळ त्यांच्याकडे आला, मग ऑपरेशनल कमांड, जिचं पुढे वेस्टर्न एअर कमांड झालं. ती कमांड त्यांनी दोनदा सांभाळली, १९४९ ते ५२ आणि १९५७ ते ६१. म्हणजे पश्चिमेची सगळी हद्द, तळ, अंतरं त्यांना पाठ होती. हे पुढे ६५ मध्ये कामाला आलं म्हणून लक्षात ठेवा.

१९६५ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी विचारलं आणि यांनी 'एका तासात' म्हटलं, ती गोष्ट नीट सांगाल का?

सांगतो, कारण ही गोष्ट अर्धवटच फिरते.

१ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानने जम्मूजवळच्या छांब भागात रणगाडे घेऊन मोठा हल्ला केला. डोळा अखनूरवर. अखनूरचा पूल पडला असता तर जम्मूहून पूंछ-राजौरीकडे जाणाऱ्या आपल्या सैन्याची वाट तुटली असती. आपलं तिथलं सैन्य कमी, रणगाडे हलके. दुपारी दिल्लीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि अर्जन सिंग दोघं होते. चौधरींनी हवाई दलाची मदत मागितली. यशवंतरावांनी अर्जन सिंगांना विचारलं किती वेळात विमानं निघतील, त्यांनी सांगितलं एका तासात. आणि साधारण तेवढ्याच वेळात पठाणकोटहून पहिली विमानं निघालीसुद्धा.

आता यातलं कठीण काय होतं ते बघा. १९६२ च्या चीन युद्धात आपण लढाऊ विमानं हल्ल्यासाठी वापरलीच नव्हती, त्यामुळे एवढ्या मोठ्या लढाईत हवाई दल उतरवायचा हा निर्णय साधा नव्हता. सूर्य मावळायला थोडाच वेळ उरलेला. खाली आपले नि त्यांचे रणगाडे एकमेकांत मिसळलेले. आणि हाताशी व्हॅम्पायर, म्हणजे तेव्हासुद्धा जुनी झालेली विमानं, सोबत मिस्टेअर. त्या पहिल्याच संध्याकाळी आपण चार व्हॅम्पायर गमावली. पाकिस्तानकडे अमेरिकेने दिलेली सेबर लढाऊ विमानं होती, त्यांच्यापुढे व्हॅम्पायरचं काही चालण्यासारखं नव्हतं. ही किंमत देऊन हल्ल्याचा जोर मात्र मोडला आणि अखनूर वाचलं. 'एका तासात' हे वाक्य स्टेटसला ठेवणाऱ्यांनी त्या चार विमानांची पण आठवण ठेवावी, एवढं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

लगेच व्हॅम्पायर मागे घेऊन नॅट पुढे आणली. छोटंसं विमान, ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांना नॅटवरून सेबर पाडल्याचं श्रेय आणि वीरचक्र मिळालं. ६ सप्टेंबरला पठाणकोटवर पाकिस्तानने हल्ला केला तेव्हा आपली विमानं जमिनीवर उभ्या उभ्या जळाली, तो मार मोठा होता. दुसऱ्या दिवशी आपण पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर हल्ला केला. २३ सप्टेंबरला युद्धबंदी.

आणि एक आपल्या भागाशी जवळची गोष्ट. यशवंतराव कराडकडचे, पण संरक्षणमंत्री असताना ते लोकसभेत निवडून गेले ते नाशिकमधून, १९६३ मध्ये, बिनविरोध. नाशिकजवळच्या ओझरचा मिग विमानांचा कारखाना पण त्यांच्याच काळातला, १९६४ चा. आज धुळ्या-जळगावची कितीतरी आयटीआय झालेली पोरं ओझरचं नाव घेऊन अर्ज भरतात, त्याचं मूळ तिथे आहे.

दादा, त्यासले परमवीर चक्र भेटेल व्हतं का?

नाही. परमवीर नाही, महावीर नाही, वीरचक्र पण नाही. हे ऐकून पोरं हिरमुसतात, पण त्यात हिरमुसण्यासारखं काहीच नाही. ही पदकं समोरासमोरच्या लढाईत एखाद्याने केलेल्या विशिष्ट कृत्याला असतात. ६५ मध्ये ते प्रमुख होते, त्यांचं काम विमानं कुठे पाठवायची आणि कुठे थांबवायची ते ठरवायचं होतं. हवाई दलात परमवीर चक्र आजपर्यंत एकालाच मिळालंय, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, मरणोत्तर, आणि विमान तेच, नॅट.

पदक उशिरा मिळायचं म्हणाल तर स्क्वॉड्रन लीडर देवय्या यांचं बघा. ७ सप्टेंबर ६५ ला सरगोध्याच्या हल्ल्यात मिस्टेअरसारख्या साध्या विमानातून त्यांनी पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं आणि स्वतः तिथेच पडले. काय घडलं ते आपल्याकडे कुणाला माहीतच नव्हतं, पलीकडची हकीकत बाहेर आली तेव्हा कळलं. महावीर चक्र दिलं गेलं १९८८ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी. म्हणून कुणाच्या छातीवर काय नाही यावरून माणूस मोजू नये असं मी पोरांना सांगत असतो.

मग फोटोत एवढ्या रिबिनी दिसतात त्या कशाच्या?

हा खरा प्रश्न. ती रिबिनींची पट्टी म्हणजे सर्व्हिस बुक समजा, माणूस कुठे कुठे होता त्याच्या नोंदी. शौर्याचं पदक त्यात डीएफसी हे एकच. बाकीची बहुतेक त्या त्या काळात, त्या त्या ठिकाणी सेवेत असल्याबद्दलची.

महायुद्धाची आधी घेऊ. १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. १९३९-४५ स्टारची रिबीन तीन सारख्या पट्ट्यांची, गडद निळा, लाल आणि फिकट निळा, म्हणजे नौदल, भूदल आणि हवाई दल. बर्मा स्टारची रिबीन गडद निळी, मधे रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूच्या निळ्यात एकेक बारीक नारिंगी रेघ. इंफाळची लढाई ती हीच.

मग स्वातंत्र्यानंतरची. भारतीय स्वातंत्र्य पदक हे १५ ऑगस्ट १९४७ ला सेवेत असणाऱ्या फौजींसाठी. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वर काश्मीरची पहिली लढाई येते. सैन्य सेवा मेडल अवघड भागातल्या नोकरीचं. आणि समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल ही दोन्ही १९६५ ची, त्यातलं समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातल्या लोकांना आणि रक्षा मेडल त्यापेक्षा बऱ्याच जास्त लोकांना.

आता गंमत अशी की यातली बरीचशी पदकं साध्या शिपायालाही तीच असतात. ब्रह्मदेशात लढलेल्या आपल्याकडच्या एखाद्या जवानाचं बर्मा स्टार आणि मार्शल अर्जन सिंगांचं बर्मा स्टार यात काडीचा फरक नाही, तोच धातू, तीच रिबीन. खानदेशातून महायुद्धात गेलेल्यांची घरं अजून आहेत. पणजोबांच्या ट्रंकेत पितळेसारखा दिसणारा सहा टोकांचा तारा असेल, वर मुकुट आणि मधे जीआरआय अशी इंग्रजी अक्षरं, तर तो महायुद्धाचा स्टार आहे. सगळे स्टार दिसायला सारखेच असतात, अक्षरांभोवतीच्या गोलात त्या स्टारचं नाव कोरलेलं असतं ते वाचा. आणि कृपा करून ब्रासोने घासू नका आणि भंगारात तर मुळीच देऊ नका. रिबीन फाटलेली असली तरी फेकू नका, रंगावरून ओळख पटते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जळगावलाही आहे नि धुळ्यालाही, कागद सापडले तर तिथे विचारता येतं.

पद्मविभूषण हे फौजी पदक आहे का?

नाही, तो नागरी सन्मान. १९६५ मध्ये मिळाला. त्यामुळे त्यांचं नाव अधिकृत लिहायचं तर 'मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स अर्जन सिंग, डीएफसी' असंच लिहिलं जायचं. विचार करा, २५ व्या वर्षी मिळालेलं एकच शौर्यपदक आणि पुढची ७३ वर्षं नावामागे तेवढीच तीन अक्षरं.

एअर चीफ मार्शल आणि मार्शल यात गोंधळ होतो, कधी काय झाले?

१ ऑगस्ट १९६४ ला प्रमुख झाले तेव्हा हुद्दा एअर मार्शल होता, कारण तेव्हा प्रमुखाचा हुद्दाच तेवढा होता. युद्धानंतर, जानेवारी १९६६ मध्ये तो एअर चीफ मार्शल केला. १५ जुलै १९६९ ला निवृत्त झाले, वय फक्त ५०. प्रमुख असेपर्यंत त्यांनी विमान उडवणं सोडलं नाही आणि ६० हून जास्त प्रकारची विमानं चालवली. मग जानेवारी २००२ मध्ये मार्शल. भारतात पाच तारे तिघांनाच, माणेकशॉ १९७३, करिअप्पा १९८६ आणि हे. नौदलात कुणी नाही. हा हुद्दा मरेपर्यंत राहतो, पंचतारांकित अधिकारी रिटायर होत नाही.

निवृत्तीनंतर काय केलं?

स्वित्झर्लंडला राजदूत, केनियाला उच्चायुक्त, अल्पसंख्याक आयोगावर सदस्य आणि १९८९-९० मध्ये दिल्लीचे नायब राज्यपाल. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की दिल्लीजवळची स्वतःची शेती विकून त्यांनी दोन कोटी रुपये हवाई दलातल्या निवृत्तांच्या मदतीसाठी दिले. शेती विकणं काय असतं ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, बांधावरून भावाभावात कोर्टकचेऱ्या चालतात आपल्या.

जुलै २०१५ मध्ये डॉ. कलामांचं पार्थिव दिल्लीत आणलं तेव्हा हे ९६ वर्षांचे, व्हीलचेअरवर आले आणि सॅल्यूट केला, तो फोटो सगळ्यांनी पाहेल आहे. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पानागढच्या हवाई तळाला त्यांचं नाव दिलं, ते हयात असताना. अंत्यसंस्कार दिल्ली छावणीत, १७ तोफांची सलामी.

मराठी माणूस हवाई दलाचा प्रमुख झालाय का?

झालाय की. हृषीकेश मुळगावकर १९७६ ते ७८, आणि त्यांच्याकडे तर महावीर चक्र होतं, काश्मीरच्या पहिल्या लढाईचं. अनिल टिपणीस, ज्यांच्या काळात कारगिल झालं. प्रदीप नाईक, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे. आणि विवेक राम चौधरी, २०२१ ते २०२४, त्यांचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यातलं. खानदेशातलं अजून कुणी नाही.

गोंदूरला पायलटचं ट्रेनिंग केलं तर हवाई दलात घेतील का?

धुळ्याच्या गोंदूरवरून शिकाऊ विमानं फिरताना दिसतात म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. ते ट्रेनिंग नागरी लायसन्सचं, खर्च लाखांत, आणि हवाई दलासाठी त्याची गरज नाही. हवाई दल स्वतःच्या खर्चाने शिकवतं. बापाने जमीन गहाण टाकून लायसन्स काढायचं आणि मग हवाई दलाचं स्वप्न बघायचं, असा रस्ता नाहीये.

अधिकारी व्हायचे मुख्य दोन रस्ते. बारावीला फिजिक्स नि मॅथ्स घेऊन एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, परीक्षा वर्षातून दोनदा यूपीएससी घेते, मुलींनाही २०२२ पासून प्रवेश आहे. किंवा ग्रॅज्युएशननंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची स्वतःची अधिकारी भरतीची परीक्षा. अग्निवीर वायू वेगळं, ती अधिकाऱ्याची भरती नाही, फॉर्म भरायच्या आधी हे घरात नीट समजावून सांगा. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची एसपीआय ही संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, १९७७ पासून, दहावी झालेल्या मुलांसाठी, आणि मुलींसाठी आता नाशिकला सुरू झालीये. प्रवेश परीक्षेने होतो, त्यामुळे दहावीचा निकाल लागल्यावर चौकशीला निघू नका, नववी-दहावीतच जाहिरातीवर लक्ष ठेवा.